चर वाचता आला की नकाशा वाचता येतो

आमच्या शाळेच्या पटांगणातून उत्तरेला पाहिलं की सातमाळ्याची रांग दिसते. कन्नड तालुक्यातलं गाव आहे, जिल्हा परिषदेची शाळा, आणि मी तिथं भूगोल शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की रविवारी सकाळी सहावी ते आठवीच्या लेकरांना घेऊन मी गावच्या वनीकरणात जाते. हातात नकाशा, गळ्यात होकायंत्र. झाडीत दहा-बारा ठिकाणी लावलेली निशाणं ठरलेल्या क्रमानं शोधायची आणि परत यायचं. वाट कोणती घ्यायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. या खेळाला ओरिएंटियरिंग म्हणतात. १८९७ साली नॉर्वेत त्याची पहिली खुली स्पर्धा झाली, आणि नियमही बरेचसे तिकडच्या जंगलांवरून ठरले. आपलं रान वेगळं आहे. पानझडीचं, मुरमाड, गुरांच्या वाटांनी विणलेलं, जागोजागी पाणलोटाची कामं झालेलं. या रानात काय उपयोगी पडतं ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

नवख्याची नजर होकायंत्राच्या सुईवर खिळलेली असते. ती उचलून जमिनीवर आणणं हेच माझं अर्धं शिकवणं.

नकाशा कोणता

भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा पुष्कळांना माहीत असतो. आमचा भाग ४६ पी या गटात येतो. १:५०,००० प्रमाण, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटर उंचीचं अंतर. डोंगररांग, गावं, नद्या समजायला तो उत्तम. पण आमचं अख्खं वनीकरण त्याच्यावर टपालाच्या तिकिटाएवढं. त्यात निशाण कुठं शोधणार? या खेळाचे नकाशे सहसा १:१५,००० किंवा १:१०,००० चे असतात आणि समोच्च रेषा साधारण ५ मीटरच्या. लेकरांसाठी मी १:५,००० चा केला आहे. १ सेंटिमीटरला ५० मीटर, हिशेब तोंडी होतो. उपग्रहचित्र खाली ठेवून वर रेखाटायचं, मग रान पायी तुडवून दुरुस्त करायचं. त्यासाठी ओपन-ओरिएंटियरिंग मॅपर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. पहिला नकाशा उभा राहायला मला दोन हिवाळे लागले.

रंग आधी पाठ करून घ्या, कारण पहिलाच रंग फसवतो. पांढरं म्हणजे मोकळं, असं प्रत्येक लेकरू समजतं. इथं पांढरं म्हणजे झाडी, पण सहज पळता येईल अशी. मोकळा माळ पिवळा. हिरवं म्हणजे दाट, आणि जितकं गडद तितकं आत शिरणं अवघड. काळ्यात खडक, वाटा, माणसानं बांधलेलं. निळ्यात पाणी. तपकिरीत जमिनीचा चढउतार. खेळाचा मार्ग जांभळा असतो: त्रिकोणापाशी सुरुवात, एकेरी वर्तुळाच्या बरोबर मध्ये निशाण, दुहेरी वर्तुळापाशी शेवट.

यातल्या हिरव्यावर आपल्याकडे फार विसंबू नका. ऑगस्टमध्ये नकाशा केला तर निम्मा कागद हिरवा होतो. तोच नकाशा घेऊन मार्चमध्ये जा. साग, धावडा, सालई पानं टाकून उभे असतात, पळसावर फुलं असतात पण पान एक नसतं, आणि जिथं दाट लिहिलंय तिथून पलीकडची टेकडी दिसते. घाणेरीचं जाळं तेवढं जागा धरून राहतं, तेही दरवर्षी हातभर पसरतं. वाटांचंही तसंच. नकाशावर एक काळी तुटक रेघ असते, जमिनीवर गुरांनी पाडलेल्या दहा वाटा. माणसाची वाट कुठं तरी पोचते: विहिरीला, देवाला, दुसऱ्या गावाला. गुराची वाट उतारावर आडवी चालते, फाटते आणि गवतात विरून जाते. म्हणून रानात उभं राहिल्यावर आधी तपकिरी रंग वाचायचा. टेकडी ना झडते ना चरली जाते.

चर

समोच्च रेषा शिकवताना पाठ्यपुस्तकातली आकृती फळ्यावर काढून मी कितीतरी वर्षं घसा कोरडा केला. लेकरं व्याख्या बिनचूक म्हणायची आणि नकाशा हातात दिला की गप्प व्हायची. मग एकदा आठवीच्या वर्गाला घेऊन टेकडीवर गेले आणि सगळ्यांना सलग समतल चरात, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला उतारावर आडव्या खणलेल्या लांब चरात, उभं केलं.

मराठवाड्यात ज्या गावात पाणलोटाचं काम झालं, तिथं हे चर आहेत. ए-फ्रेमनं, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारख्या चौकटीनं, ओळंब्याचा दोरा मधल्या खुणेवर आणून, एका पातळीतले बिंदू काढतात आणि ते जोडून खणतात. म्हणजे चराची एक बाजू धरून कितीही चाला, तुम्ही चढत नाही आणि उतरत नाही. समोच्च रेषा म्हणजे दुसरं काय? जमिनीवर खणलेली समोच्च रेषाच ती. त्या दिवशी लेकरं चरातून चालली आणि मी वरून विचारत राहिले: आता चर कुठं वळला? डोंगराच्या पोटात शिरला की तिथं ओघळ असतो. चर ओघळात सोडत नाहीत, अलीकडे थांबवून पलीकडे पुन्हा सुरू करतात, त्यामुळे तुटलेली जागा लांबूनही ओळखू येते. पोटातून बाहेर येऊन उताराकडे फुगला की तिथं सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार. मग नकाशा उघडायला सांगितला. तपकिरी रेषेचं टोक चढाकडे घुसलंय तिथं ओघळ, उताराकडे बाहेर आलंय तिथं सोंड, रेषा जवळ आल्या तिथं उभा चढ, लांब गेल्या तिथं पसरट. एक मुलगी म्हणाली, "म्याडम, मंग हे समदे चरच काढलेत की कागदावर." तिथून पुढं मला व्याख्या सांगावी लागली नाही.

तुमच्या गावाजवळ चर असतील तर पहिले दोन रविवार होकायंत्र घरी ठेवा. नकाशा घ्या आणि नुसते चरातून चाला. प्रत्येक वळणावर थांबून कागदावरचं वळण दाखवायचं. चर नसतील तर शेताचे समतल बांध किंवा तलावात पाणी उतरताना काठावर राहिलेल्या रेषा पाहा, त्याही त्याच कामाच्या.

खेळताना चराचा थेट फायदा होतो. पुढचं निशाण त्याच उंचीवर असेल तर सरळ रेषेत ओघळात उतरून पुन्हा चढण्यापेक्षा चराच्या कडेनं जा. अंतर वाढतं, दम वाचतो. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. उतरताना ओघळ माणसाला एकत्र आणतात, कारण सगळे शेवटी एकाच नाल्याला मिळतात. सोंडा मात्र फाकतात. माथ्यावर दहा पावलं चुकलात की पायथ्याशी भलत्याच खोऱ्यात निघता. चढताना हेच उलटं होतं, सोंडा माथ्यावर आणून जोडतात आणि ओघळांना फाटे फुटतात. म्हणून चढायचं सोंडेवरून आणि उतरायचं ओघळ धरून, हे मी लेकरांना पहिल्याच दिवशी सांगते. कडा असलेल्या ओघळात मात्र उतरायचं नाही.

होकायंत्र

पारदर्शक पट्टीचं, फिरत्या तबकडीचं होकायंत्र घ्या. घेताना हातावर सपाट धरून सुई मोकळी फिरते का ते पाहा. युरोपासाठी तोलून केलेली सुई आपल्याकडे एका टोकाला टेकते आणि अडखळते, कारण पृथ्वीचं चुंबकीय बल तिकडे जमिनीत जास्त तिरकं घुसतं. आपल्या पट्ट्यासाठी तोललेलं मागून घ्यावं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मराठवाड्यात एका अंशाहूनही कमी आहे, तेव्हा त्याची वजाबाकी-बेरीज करत बसू नका. खेळाच्या नकाशावरच्या उत्तर रेषा तशाही चुंबकीय उत्तरेलाच काढलेल्या असतात.

त्याचं मुख्य काम नकाशा लावून घेणं. होकायंत्र नकाशावर ठेवा आणि सुईचं लाल टोक नकाशाच्या उत्तरेला येईपर्यंत स्वतः नकाशासकट वळा. आता समोरची टेकडी कागदावरही समोर. अक्षरं उलटी दिसली तरी चालतील, पण वाचायला सोपं म्हणून नकाशा सरळ करू नका. घडी घालून तळहाताएवढा करा, अंगठ्याचं नख तुम्ही आहात त्या जागेवर ठेवा, आणि प्रत्येक ओळखीच्या खुणेवर अंगठा पुढं सरकवा. शंभर पावलांत अंगठा हलला नसेल तर काही तरी सुटलंय.

दिशा धरून जायचं असेल तेव्हा पट्टीची कड आहात तिथून जायचंय तिथपर्यंत लावा, पट्टीवरचा बाण जायच्या बाजूला. मग तबकडी अशी फिरवा की तिच्या आतल्या रेघा नकाशाच्या उत्तर रेषांना समांतर येतील आणि तबकडीची उत्तर नकाशाच्या उत्तरेला. आता होकायंत्र पोटासमोर सपाट धरून पूर्ण अंगानं वळा, सुईचं लाल टोक तबकडीच्या उत्तरेवर बसेपर्यंत. पट्टीचा बाण दाखवतो तिकडे तीसेक मीटरवरचं एक झाड हेरा, होकायंत्र खाली करा, झाडापर्यंत जा, पुन्हा हेरा. सुईकडे बघत चालणारा माणूस प्रत्येक झुडपाला एकाच बाजूनं वळसा घालतो आणि हळूहळू वाकडा जातो.

सगळ्यात मोठी चूक तबकडी उलटी लावण्याची. मग माणूस बरोबर विरुद्ध दिशेला निघतो, आणि खात्रीनं निघतो. निघायच्या आधी सूर्याकडे एक नजर टाका. सकाळी दक्षिणेला जायचं असेल तर ऊन डाव्या गालावर हवं. भर दुपारी ही पडताळणी करू नका, २० मेच्या आसपास आमच्याकडे माध्यान्हीला उभ्या काठीची सावलीच पडत नाही. मोबाईल, तारेचं कुंपण, मोटारसायकल, हातातलं लोखंडी कडं, कमरेचा कोयता या सगळ्यांपासून होकायंत्र दूर धरा. आपला काळा पाषाण हा बेसाल्ट आहे, त्यात लोहाची खनिजं असतात. उघड्या खडकाच्या माथ्यावर सुई भलतीकडे वळलेली मी पाहिली आहे. तिथं दहा-वीस पावलं खाली येऊन पुन्हा बघायचं.

पावलं आणि एक टप्पा

१०० मीटर टेपनं मोजा आणि चाला, फक्त उजवा पाय टेकला की एक. माझी सपाट मुरमावर ६७ होतात, चढावर आणि घाणेरीत ८० पर्यंत जातात. आठवीच्या पोरींची सत्तरच्या पुढं. प्रत्येकानं स्वतःचे दोन आकडे पेन्सिलीनं नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचे.

आता आमच्या मार्गावरचा एक टप्पा सांगते. तिसरं निशाण लहान खिंडीत आहे, चौथं ओघळातल्या अनघड दगडी बांधाशी. सरळ रेषेत ३५० मीटर, पण मध्ये सोंड आडवी येते, ३० मीटरची चढण. दुसरी वाट जाळरेषेनं, वनखात्यानं वणवा अडवायला साफ केलेल्या पट्ट्यानं. ती जवळजवळ सपाट, बांधापर्यंत एकूण ५५० मीटर. १० मीटर चढणीला १०० मीटर सपाट चालणं असा मी अंदाज धरते. म्हणजे सरळ वाट ६५० मीटरची झाली, जाळरेषा स्वस्त पडली.

जाळरेषेला आम्ही कठडा म्हणतो, जिन्याच्या कठड्यासारखा हात धरून जायचा. तिच्यावर डोकं मोकळं असतं, जोरात पळा. ती वनतळ्याच्या कोपऱ्याशी लागते. हा कोपरा म्हणजे पक्की खूण, इथं कुणाला शंका येऊ शकत नाही. इथं थांबायचं, श्वास घ्यायचा, नकाशा लावायचा. पुढं फक्त १२० मीटर राहिले, आणि ते होकायंत्रानं. पण नेम थेट बांधावर धरायचा नाही. ओघळात पोचलात आणि बांध दिसला नाही, तर वर जायचं की खाली? म्हणून नेम मुद्दाम उताराच्या बाजूला पाच-सात अंश सरकवायचा. ओघळ लागला की न विचारता वर वळायचं, बांध समोर. पाच अंश सरकल्यानं ३०० मीटरला सुमारे २६ मीटरचा फरक पडतो, १२० मीटरला १० मीटर. त्यावरून किती सरकायचं ते ठरवा. आणि ओघळ न कळता ओलांडला गेलाच, तर पुढं आडवं काय येतं? आमच्याकडे शेताचा धुरा येतो. धुरा लागला म्हणजे पुढं गेलात, मागं फिरा.

प्रत्येक निशाण सोडायच्या आधी माझी लेकरं या तीन गोष्टी बोलून दाखवतात: कठडा कोणता, पक्की खूण कोणती, आडवं काय लागेल. बोलता आलं नाही तर पाय उचलायचा नाही.

चुकलात तर

तिसऱ्या वर्षी सातवीतल्या दोघी चौथ्या निशाणावरून पाऊण तास परत आल्या नाहीत. त्या शेजारच्या ओघळात होत्या. दोन ओघळ समांतर, मध्ये १५० मीटर, आणि दोन्हीत सारखेच दगडी बांध, कारण एकाच मापानं एकाच उन्हाळ्यात घातलेले. बांध बरोबर, ओघळ चुकीचा. त्या त्याच बांधाभोवती निशाण शोधत राहिल्या, कारण नकाशात बांध आहे आणि इथंही बांध आहे. माणसाला हवं ते जुळतं आणि न जुळणारं डोळ्याआड होतं. मी मार्ग आखताना ही जुळी जागा टाळायला हवी होती. तेव्हापासून मी एक सवय लावली आहे: माणसानं बांधलेल्या खुणेला जमिनीची एक साक्ष लागते. ओघळ कुठल्या दिशेला वळतो? वर खिंड दिसते का? कोरड्या, सपाट ओघळात वरची बाजू कळत नसेल तर बांधापाशी गाळ कुठं साठलाय ते पाहा, गाळ नेहमी वरच्या अंगाला असतो.

चुकल्यासारखं वाटलं की पहिलं काम थांबणं. नकाशा लावा. शेवटची खात्रीची जागा कोणती, तिथून किती पावलं, कोणत्या दिशेनं? मग मोठी जमीन बघा, सोंड, खिंड, माथा, आणि ती कागदावर शोधा. पाच मिनिटांत जुळलं नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेवर परत. त्यात मान कमी होत नाही.

तेही जमलं नाही, तर सुटकेची दिशा. ती सुरुवातीलाच सगळ्यांना पाठ असते. आमची दक्षिण. आमच्या बाजूचं पाणी शिवनेला जाऊन गोदावरीला मिळतं, उतार धरून गेलात की नाला, मग रस्ता. उत्तरेला मात्र पठार एकदम तुटतं आणि खाली खानदेश, तिकडचं पाणी तापीला जातं. पुस्तकात लिहितात की कडा ही आडवी खूण म्हणून उत्तम. गवत कंबरेएवढं असताना काठ दोन पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही. काठापासून २०० मीटर अलीकडे मी नकाशावर लाल रेघ ओढते, आणि तिच्या पलीकडे कोणतंही निशाण, कोणतीही सोयीची वाट नाही.

निघण्यापूर्वी

गौताळा औट्रमघाट अभयारण्य आम्हाला जवळ आहे, १९८६ पासूनचं. तिथं मी खेळ घेत नाही, त्या रानावर आपल्याआधी तिथल्या जनावरांचा हक्क आहे. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथवर आला होता. बाहेरच्या वनीकरणातही वनरक्षकांना आणि ग्रामपंचायतीला आधी विचारायचं, आणि शेळ्या राखणाऱ्यांना सांगून ठेवायचं. रान त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आमच्याकडच्या एका आजोबांनी पहिल्याच दिवशी तीन आग्या मोहळं दाखवली, ती मी नकाशावर घेतली.

सूर्य चांगला वर आल्यावर सुरुवात आणि अकराच्या आत शेवट, कारण बिबट्या आहे आणि ऊनही आहे. लहानांनी जोडीनं जायचं. जोड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं सोडायच्या. पूर्ण पँट, जाड मोजे आणि मोज्यांवरून जुन्या कापडाची पट्टी, नाही तर दिवाळीनंतरची कुसळं पायात घुसतात आणि लेकरू नकाशा सोडून पायच बघत बसतं. प्रत्येकाकडे पाणी आणि शिट्टी. मिनिटाला सहा वेळा शिट्टी म्हणजे मदत हवी, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. गंमत म्हणून शिट्टी वाजवायची नाही, हे दर वेळी सांगते.

निशाणं केशरी-पांढऱ्या कापडाची, ३० सेंटिमीटरच्या तीन बाजूंची, गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी शिवून दिली. प्रत्येकावर एक अक्षर, आणि दोऱ्याला वेगळ्या रंगाचा खडू. त्या खडूनं कार्डावर खूण करायची.

एक नियम मी कधीच सैल करत नाही. निशाणं सापडोत वा न सापडोत, ठरलेल्या वेळेला दुहेरी वर्तुळापाशी येऊन नाव सांगायचं. कुणी थेट घरी गेलं तर आम्ही रानात त्याला हाका मारत फिरणार. वहीतलं शेवटचं नाव खुणेनं कापलं गेलं की मगच दोन मोठी लेकरं निशाणं उतरवायला जातात. बाकीची झाडाखाली बसून, पाणी पिता पिता, आपण खरोखर गेलो ती वाट लाल पेन्सिलीनं आपापल्या नकाशावर काढतात आणि शेजारच्याच्या नकाशाला लावून बघतात.